तुम्ही विचारलंत म्हणून: ती आजोबांचीच फियाट कशावरून?

आजोबांची फियाट सापडली म्हटलं की ऐकणारा आधी खूश होतो आणि मग एकच प्रश्न विचारतो, "पण ती तीच कशावरून?" मावशीने विचारलं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलं, पेट्रोल पंपावर बाबांशी गप्पा मारणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनीही विचारलं. प्रश्न रास्त आहे. जुन्या फियाटा पुष्कळ आहेत, रंग बदलता येतो, नंबरप्लेट तर दहा मिनिटांत बदलते. आणि या शोधात मी स्वतः एकदा फसता फसता वाचले आहे. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

गाडी होती 1968 ची फियाट 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हीच गाडी थोडी बदलून पुढे पद्मिनी झाली. आजोबा, म्हणजे बाबांचे नाना, कोल्हापुरात वकिली करायचे. पोस्टाच्या पासबुकात अनामत ठेवून त्यांनी नंबर लावला आणि पाच वर्षांनी गाडी दारात आली. रंग फिकट निळा. गडहिंग्लज, गारगोटी, राधानगरी, जिथे तारीख असेल तिथे ती जायची. बाबा 1973 मध्ये तिच्यावरच गाडी शिकले. 1985 मध्ये आजोबांच्या काचबिंदूचं निदान झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. त्यांनी त्याच महिन्यात ती निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याला विकली. गाडी दाराबाहेर गेली त्या दिवशी ते माडीवरून खाली आले नाहीत, एवढं आजी सांगायची. त्यापुढे घरात तो विषय कुणी काढत नसे.

विषय निघाला तो ऑक्टोबर 2023 मध्ये. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली होती. टॅक्सीची मुदत 20 वर्षांची, म्हणून 30 ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरणार नव्हती. बाबांनी ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "आपली कुठं असंल?" बाबा कधी काही मागत नाहीत. मी त्याच रात्री शोधायला बसले.

पहिली चूक तिथेच झाली. मी नंबर शोधत होते. आमच्या गाडीचा नंबर जुन्या पद्धतीचा होता, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे. एमएच-09 वगैरे नंबर 1989 नंतरचे. सरकारी ॲपवर तो जुना नंबर टाकला तर नोंदच नाही असं उत्तर आलं. मला वाटलं, गाडी मोडीत गेली. आरटीओचं काम करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एजंटांनी समजावलं, "ताई, निपाणी कर्नाटकात. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर राहिली की तिकडचा नंबर घ्यावा लागतो. तुमचा नंबर 85-86 सालीच संपला. तुम्ही चासी नंबर शोधा."

चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, त्याला मिस्त्री मंडळी चासी म्हणतात. नंबरप्लेट बदलते, इंजिनसुद्धा बदलतं. फियाटच्या बाबतीत तर सर्रास, एका गाडीचं इंजिन दुसरीत. पण बॉनेटच्या आत पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर गाडीबरोबर जन्मभर राहतो. आजोबांच्या 1968 च्या डायरीत पहिल्याच पानावर तो होता, त्यांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. खाली विम्याचा हप्ता, त्याखाली "चाकांत हवा: पुढे, मागे" असं लिहून पुढे आकडे. वकिलाची सवय, प्रत्येक गोष्टीची नोंद. शेवटचा आकडा 8. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग मी ओळखीपाळखीत फोटो आणि जुना नंबर पाठवला. इथे दुसरी चूक. नंबर सगळ्यांच्या हातात पडला. महिनाभरात सांगलीकडून एका गाड्या विकणाऱ्याचा फोटो आला. निळी फियाट आणि प्लेटवर अक्षर न् अक्षर आमचाच नंबर! मी ऑफिसातच रडायला लागले. बाबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि शांतपणे म्हणाले, "ही जाळी डिलाइटची नव्हे, पद्मिनीची आहे." जाळी बदलता येते, म्हणून मी त्या माणसाकडे चेसिस नंबरचा फोटो मागितला. तो आजतागायत आलेला नाही. प्लेट ताजी रंगवलेली होती, हे मला नंतर दिसलं. डोळ्यांत पाणी असताना दिसलं नव्हतं. तेव्हापासून कोणी मला "तीच कशावरून" विचारलं तर राग येत नाही.

खरा धागा कागदांत नव्हता, उद्यमनगरात होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काय होत नाही ते विचारा. आमचं गावच असं, की जुन्या गाडीची माया कुणाला शिकवावी लागत नाही. दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा माणसं सोनं लुटायच्या आधी ती डोळे भरून बघतात. आजोबांच्या गाडीचे मिस्त्री उद्यमनगरातलेच. ते आता नाहीत, पण त्यांचा मुलगा, आज साठी ओलांडलेला, अजून तोच शेड चालवतो. मी त्याला काका म्हणते. गाडीचं नाव काढताच काका म्हणाले, "वकीलसाहेबांची निळी? तिचा गिअर अडकायचा. आबांनी पितळेचा बुश करून घातलेला, मी बॅटरी धरून उभा होतो."

हा बुश म्हणजे सगळ्या गोष्टीची किल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पण गिअरबॉक्स खाली. मधे दांड्या आणि सांधे. त्या सांध्यांतले बुश, म्हणजे आत बसवलेल्या छोट्या कड्या, झिजले की दांडा ढिला होतो, दुसऱ्याऐवजी भलताच गिअर पडतो, कधी दोन्हींच्या मधे अडकून बसतो. मग बॉनेट उघडायचं, हाताने दांडी सरकवायची आणि पुढे निघायचं. आजोबा एकदा भर पावसात फोंडा घाटात असे अडकले होते. परत आल्यावर मिस्त्रींनी खालच्या सांध्याचा बुश पितळेचा काढून बसवला आणि कोणती बाजू वर हे कळावं म्हणून काठावर कानशीने तीन बारीक खाचा पाडल्या. काका म्हणाले, "आबांनी असले बुश दोनच फियाटांना केले. दुसरी गाडी आमच्यासमोर तुटली भंगारात, नव्वद साली. म्हणजे पितळी बुश, तीन खाचा, अशी गाडी दुनियेत एकच राहिली, ताई."

आम्ही मग नंबर विचारणं सोडून दिलं. काकांनी त्यांच्या वयाच्या मिस्त्र्यांना फोन लावायला सुरुवात केली. निपाणी, संकेश्वर, गोकाक, बेळगाव. प्रश्न एकच: गिअरला पितळी बुश असलेली डिलाइट हाताखालून गेली का? माणसं गाडीचा नंबर विसरतात, मालकाचं नावही विसरतात, पण वेगळं काम बघितलेलं मिस्त्री विसरत नाही. निपाणीच्या व्यापाऱ्यांच्या नातवाकडून एवढंच कळलं की 1994 मध्ये गाडी बेळगावकडे गेली. त्यानंतर आठ महिने काही नाही. डिसेंबर 2024 मध्ये बेळगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा काकांना उलटा फोन आला. खानापूर तालुक्यातल्या एका शाळामास्तरांची पांढरी फियाट होती, तिचा बुश त्यांनी साफ करून परत घातला होता. "इतकं चांगलं काम काढून टाकायला हात झाला नाही," असं म्हणाले.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही तिघं खानापूरला गेलो. मी, बाबा आणि काका. मास्तर वारले होते. बाई होत्या, त्याही निवृत्त शिक्षिका. "या की वो, बसा, आधी चा घ्या," म्हणत त्यांनी आम्हाला अर्धा तास गाडीपर्यंत जाऊ दिलं नाही. गाडी 2011 पासून मागच्या शेडमध्ये उभी. खानापूरचा पाऊस ठाऊक असेल त्याला सांगायला नको, पायाखालचा पत्रा ठिकठिकाणी गेलेला. आरसी बुकाला वाळवी लागून त्याचा भुगा झालेला. इंजिन दुसरं, ते पद्मिनीचं, बाईंनी आधीच सांगितलं.

काकांनी बॉनेट उघडलं. रॉकेलच्या फडक्याने चेसिस नंबरवरचा गंज हळूहळू पुसला. मग पांढरा कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरवली, आरटीओत चेसिस प्रिंट काढतात तशी. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. मी डायरीचं पान शेजारी धरून होते. पहिला जुळला, दुसरा जुळला, पाचव्यापर्यंत सगळे जुळले. शेवटच्या आकड्याची डावी बाजू गंजाने खाल्लेली. 3 असेल, 8 असेल. दोनदा प्रिंट काढली, तिसऱ्यांदा काढली. तेच. बाबा काही बोलत नव्हते. सांगलीच्या फोटोनंतर त्यांना आशा धरायची नव्हती, हे मला दिसत होतं.

काका जमिनीवर पोतं टाकून आडवे झाले आणि आत हात घातला. चिंधीने काहीतरी पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, बॅटरी धरा." मी वाकले. काळ्या ग्रीसच्या थराखालून पिवळी कड चमकली. काकांनी नखाने ग्रीस खरवडलं. एक खाच. अंगठा पुढे सरकला, दुसरी. तिसरी. "आमच्या आबांचं काम हाय हे," ते म्हणाले आणि तसेच पडून राहिले, वर यायची घाई न करता. पन्नास वर्षांपूर्वी बॅटरी त्यांच्या हातात होती, तेव्हा त्यांचे वडील असेच पाठीवर आडवे असणार.

कागदही नंतर आला. बाईंनी त्यांच्या आरटीओत अर्ज करून बी एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदणीच्या रजिस्टरचा उतारा काढला. पाच आठवड्यांनी त्यांनी फोनवर वाचून दाखवला. चेसिस नंबरचा शेवटचा आकडा 8. पूर्वीचा नंबर या रकान्यात आमची तीन अक्षरं आणि चार आकडे. ज्यांना कागद लागतो त्यांना मी हे सांगते. मला स्वतःला शेडमध्येच कळलं होतं.

याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो: मग घेतली का? लालबहादूर शास्त्रींनी 1964 मध्ये पंजाब नॅशनल बँकेचं 5,000 रुपयांचं कर्ज काढून घेतलेली फियाट, डीएलई 6, आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे, आणि तशीच आपली दारात उभी करायची हे माझ्याही डोक्यात होतं. पैसेही बाजूला काढले होते. चहा घेताना बाईंनी विचारलं, "तुमच्या आजोबांकडं किती वर्षं होती?" मी म्हटलं, "सतरा." त्या म्हणाल्या, "आमच्याकडं एकतीस होतील आता. पोरीची वरात ह्याच्यातनंच निघाली, मास्तरांना दवाखान्यात शेवटचं नेलं तेपण." त्यांनी मला काही सुनावलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. मी किंमत विचारलीच नाही.

आता बाईंनाच गाडी पुन्हा चालती करायची आहे. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय झाली आहे, नंबरात व्हीए अक्षरं मिळतात. पण त्यात इंजिन मूळचं असावं लागतं आणि अशी गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. बाईंना बाजाराला जायचंय. म्हणून साधं नूतनीकरण आणि पुन्हा पासिंग, हाच रस्ता धरला आहे. पायाखालचा पत्रा काका बदलणार आहेत. बुशला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बेळगावच्या मिस्त्रींना बजावून ठेवलंय.

त्या दिवशी निघताना बाईंनी बाबांना चावी दिली. इंजिन सुरू होणार नव्हतंच. बाबा नुसते स्टिअरिंगमागे बसले, क्लच दाबला, डावा हात दांड्यावर ठेवला आणि पहिला टाकला. मग दुसरा. तो जरा अडला, त्यांनी मनगटाला हलकासा झोल दिला आणि तो बसला. "हे नाना करायचे," ते म्हणाले, आणि तिसरा टाकला.