पांढऱ्या रताळ्यांपेक्षा टेरेसची परवानगी अवघड : माझा अनुभव

रताळी लावणं अजिबात कठीण नाही, हे आधीच सांगते. वेलाचा वीतभर तुकडा घ्यायचा, तीन-चार डोळे मातीखाली जातील असा आडवा खोचायचा, माती ओली ठेवायची, आठवड्याभरात धरतो. कठीण आहे ती सोसायटीच्या टेरेसची परवानगी, आणि त्यावरून माझं डोकं अजूनही तापतं म्हणून हे लिहितेय.

आम्ही मुलुंडला राहतो. बाल्कनीत सकाळचं थोडंसं ऊन येतं, त्यात तुळस जगते, पण रताळ्याला निदान सहा तास कडक ऊन पाहिजे, नाहीतर नुसता पाला. जूनमध्ये माहेरहून, कोल्हापूरकडून, पांढऱ्या रताळ्याचे वेल आणले. साल पांढरट, आतून पण पांढरं, इथल्या भाजीवाल्याकडे बहुतेक लाल सालीचीच असतात. ही कमी गोड आणि पिठूळ, उपवासाचा कीस एकदम मोकळा होतो.

टेरेससाठी अर्ज दिला. सेक्रेटरीकाका म्हणाले, "वॉटरप्रूफिंगला एवढे पैसे घातलेत, लीकेज झालं तर वरच्या मजल्यावाल्यांना कोण उत्तर देणार?" प्रश्न बरोबर होता, मी लगेच सांगितलं की मातीच्या पिशव्या (ग्रोबॅग) लोखंडी स्टँडवर ठेवीन, खाली ट्रे असतील, स्लॅबला पाणी लागणार नाही. मग म्हणे कमिटीच्या मीटिंगला ठेवतो. त्या मीटिंगला कोरमच नाही, म्हणजे पुरेसे सभासदच आले नाहीत. पुढच्या वेळी लोडचा मुद्दा निघाला, स्लॅबला वजन झेपेल का. म्हणून मी हिशोब करून नेला. आपल्या आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानकात, भाग २ मध्ये, जिथे माणसांची ये-जा आहे अशा सपाट गच्चीला चौरस मीटरमागे १.५ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण १५० किलो. १५ बाय १५ इंचाच्या ग्रोबॅगमध्ये चाळीसेक लिटर माती बसते, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलं तर भिजून जेमतेम पन्नास किलो. चौरस मीटरला एकच पिशवी, ती पण पॅरापेटच्या कडेला. कागद वाचला आणि बाजूला ठेवला! म्हणाले, "ताई, एजीएममध्ये विषय घेऊ."

आता एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, ते ती शेवटच्या आठवड्यात घेतात, म्हणजे अख्खा पाऊस गेला. आणि त्याच टेरेसवर मोडके कूलर, जुन्या गाद्या, कुणाची तरी गंजलेली सायकल वर्षानुवर्षं पडून आहे, त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तुम्हाला करायचं असेल तर अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच आणि शिक्का घ्या. कुणी तोंडी "ठेवा हो" म्हटलं तर ठेवू नका, टेरेस सगळ्यांची असते, उद्या एकाने तक्रार केली की उचलायला लावतात. एजीएमची नोटीस १४ दिवस आधी निघते, त्याच्या आधी विषय लेखी द्या म्हणजे अजेंड्यावर येतो.

तोवर वेल बाल्कनीत बादलीत जगवला. ग्रिलभर पसरला, छाटत राहिले, कोवळ्या पानांची लसूण घालून भाजी केली. छाटताना देठातून पांढरा चीक येतो, बोटांवर वाळून काळा होतो आणि साबणाने जात नाही, आधी तेल लावा.

शेवटी ठराव मंजूर झाला, लीकेज आलं तर स्वखर्चाने पिशव्या काढायच्या या अटीवर. माझा लोडचा कागद मिनिट्सला जोडलाय, त्याचा मला खरंच अभिमान आहे.

ऑक्टोबरमध्ये लावली. पावसाळ्यापेक्षा बरंच झालं, पाऊस आणि नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि खाली काही धरत नाही. युरिया नकोच, शेणखत बेताचं, चुलीची राख मिळाली तर घाला, पोटॅश मिळतं. वेल जमिनीला टेकून जागोजागी मुळं धरतो, मधेमधे उचलून फिरवा. मातीला भेगा पडू देऊ नका, रताळ्याचा भुंगा तिथूनच आत शिरतो, रताळं उघडं दिसलं की लगेच माती ओढा.

महाशिवरात्रीच्या आधी काढली. पानं पिवळी पडायला लागली होती, शेवटचे काही दिवस पाणी तोडलं होतं. लगेच खाऊ नका, आठवडाभर सावलीत गरम जागी ठेवा, साल पक्की होते आणि गोडी वाढते. फ्रिजमध्ये अजिबात ठेवायची नाहीत, आतून कडक होतात. आणि हो, काप केले की पाण्यात टाका, नाहीतर पांढऱ्याचं काळं होतं.

आषाढीला घरची हवी असतील तर फेब्रुवारीत लावायला लागतात, चार महिने धरा. म्हणजे अर्ज आधीच्या सप्टेंबरच्या एजीएमला गेलेला पाहिजे.