नेरूरपार ते देवबाग संगम: होडीला इंजिन किती ताकदीचं हवं?

होडी फायबरची, १८ फुटी, पाण्यातली लांबी १६ फूट. माणसं पाच. मागं ९.९ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन. सिंधुदुर्गातल्या नेरूरपारच्या पुलापासून कर्ली नदीनं देवबागच्या संगमापर्यंत, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथवर, जाऊन परत यायला, वाटेतले थांबे धरून, चार तास हाताशी ठेवा.

जाताना ओहोटी सोबत होती. अर्ध्या थ्रॉटललाही होडी सरसर निघाली, आणि अशा वेळी ५ चं इंजिनही पुरेल असंच वाटतं. इंजिनाची खरी परीक्षा संगमावर वळल्यावर होते. पाण्याला ताशी ४ किलोमीटरची ओढ असली तर ताशी ९ नं चालणारी होडी काठाच्या हिशेबानं ५ नंच सरकते. त्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटला की तो बाहेर पडणाऱ्या पाण्याला आडवा येतो आणि मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा आखूड, उभ्या होतात. तिथं इंजिन दमलं तर होडी आडवी फिरते. मोठा धोका तोच.

हिशेब असा करा. होडी ३५० किलो, माणसं ३५०, इंजिन-पेट्रोल-नांगर मिळून ७०; म्हणजे पाऊण टनाच्या थोडं वर. शांत पाण्यात टनाला ४ ते ५ अश्वशक्ती पुरते, म्हणजे इथं साधारण ४. वारा आणि ओढीसाठी दुप्पट धरा. ८ ते ९.९ बरोबर. १५ घेऊन फायदा नाही. पाणी कापत चालणाऱ्या १६ फुटी होडीचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास अडतो. पुढं ताकद वाढवली तर मागची बाजू खाली बसते, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते आणि पेट्रोल मात्र जळत राहतं.

इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या दांड्याची लांबीही तितकीच महत्त्वाची. मागची फळी १५ इंच असेल तर आखूड दांडा, २० असेल तर लांब. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा पकडतो आणि इंजिन किंचाळतं. फार खाली गेली तर देवबागच्या उथळ पुळणीत पंखा घासतो.

पेट्रोल: ९.९ ला पूर्ण थ्रॉटलला तासाला साडेतीन ते चार लिटर, मध्यम चालीला दोनच्या आसपास. चार तासांचे आठ, वर चार राखीव, असे १२ लिटर घ्या. इंजिन दहा मिनिटं चालून गुदमरलं तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढलं जात नाही. नवखे लोक इथं प्लग काढत बसतात.

इंजिन थंड करून मागून पडणाऱ्या पाण्याच्या पिचकारीवर नजर ठेवा. ती बारीक झाली किंवा वाफाळली तर लगेच बंद करा. वाळू किंवा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. नळीच्या तोंडात बारीक तार घालून बघा, तरी धार आली नाही तर पंपाचा रबरी पंखा गेला. तो सुटा जवळ ठेवा, सोबत प्लग, प्लग-पाना आणि दोन वल्ही.

उधाणाचे दिवस टाळा. अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, ओढ कमी असते. ओहोटी संपता संपता संगमावर पोचा, म्हणजे परतताना भरती पाठीशी येते. घरी आल्यावर इंजिन दहा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा, नाहीतर आतल्या वाटांत मीठ धरतं.