१० सेकंदांचं भूत सापडलं, मागे एक अनाथ ट्रान्झॅक्शन सोडून गेलं

मागच्या वेळचं रडगाणं आठवत असेलच. माझ्या खेळण्यातल्या (सरावाच्या) बँकेच्या पोस्टग्रेस कंटेनरला (डेटाबेस चालवणारी बंदिस्त पेटी) ‘स्टॉप’ म्हटलं की तो बरोबर १० सेकंद ढिम्म, मग सिगकिल (जबरदस्तीनं मारणारा सिग्नल), आणि पुन्हा उठवला की लॉगमध्ये ‘नीट बंद झाला नव्हता, रिकव्हरी चालू’ची कुरकुर.

आठवडाभर मी डिस्कला शिव्या घालत होतो. चेकपॉइंटला (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवायला) वेळ लागत असेल म्हणून थांबायची मुदत ६० सेकंद केली, तर बरोबर ६० लागले! तेव्हा ट्यूब पेटली: आत काम चाललेलंच नाही, नुसती वाट बघणं चाललंय.

गुंता दुहेरी निघाला. माझी सुरुवातीची शेल स्क्रिप्टच पीआयडी १ (कंटेनरमधली पहिली प्रोसेस, सिग्नल तिलाच येतो) होऊन बसली होती, त्यामुळे सिगटर्म (‘बंद हो’ची विनंती) तिच्यापाशीच जिरायचा, पोस्टग्रेसपर्यंत पोचायचाच नाही. शेवटच्या ओळीत ‘एक्झेक’ घातलं (म्हणजे स्क्रिप्टची जागा पोस्टग्रेस घेतो) आणि लॉगमध्ये पहिल्यांदा ‘स्मार्ट शटडाउन’ची विनंती दिसली. पण कंटेनर हलेना. सिगटर्म म्हणजे स्मार्ट: नवीन कुणाला आत घ्यायचं नाही, पण बसलेले आपणहून उठेपर्यंत थांबायचं. पीजीबाउन्सरच्या (डेटाबेसची कनेक्शनं उघडी ठेवून वाटणारा मध्यस्थ) पूलमधली कनेक्शनं कसली उठतात! ज्यानं याला ‘स्मार्ट’ नाव दिलं त्याला माझा दंडवत. सिग्नल बदलून सिगइंट केला, म्हणजे फास्ट: अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द), चेकपॉइंट, बंद. २ सेकंद! पीजी कंट्रोलडेटात (डेटाबेसची शेवटची स्थिती दाखवणारं साधन) ‘शट डाउन’ ही स्थिती मी उगाच तीनदा बघितली. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरचा तयार साचा) हा सिग्नल आधीच लावलेला असतो. स्वतःची इमेज बांधायची हौस नडली.

आज सकाळी एका खात्याचं अपडेट लटकलं. लॉक (खात्यावरचं कुलूप) कुणाचा, तर चालू सेशन एकही नाही. प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शनच्या यादीत एक जण बसलेला! टू-फेज कमिटचा (दोन डेटाबेसवर एकच व्यवहार: आधी ‘तयार’, मग ‘पक्का’) पहिला टप्पा झाला आणि दुसऱ्याच्या आत मी सगळं बंद केलं. असं ट्रान्झॅक्शन फास्ट शटडाउनलाच काय, सिगकिललाही दाद देत नाही. लॉक धरून परत येतं. हात रोलबॅककडे गेलाच होता. सुदैवानं आधी कोऑर्डिनेटरचा, म्हणजे दोन्ही डेटाबेसचा निकाल ठरवणाऱ्याचा, लॉग उघडला: निर्णय ‘कमिट’, आणि दुसऱ्या डेटाबेसवर पैसे जमाही झालेले. रोलबॅक केलं असतं तर एकाच्या खात्यात पैसे आले असते आणि दुसऱ्याचे गेलेच नसते. कमिट प्रिपेअर्ड चालवलं, लॉक सुटला.

म्हणून बंद करायच्या स्क्रिप्टमध्ये पहिली पायरी पीजीबाउन्सरचा ‘पॉझ’ (नव्या क्वेरी रांगेत थांबवणं) ठेवायचं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की कोऑर्डिनेटरही त्याच बाउन्सरमधून जातो. पॉझ केला की त्याचे दुसऱ्या टप्प्याचे कमिटही रांगेत अडकतील, म्हणजे अनाथ मीच तयार करणार! तेव्हा क्रम उलटा: आधी वर्कर प्रोग्रॅमनी कामांच्या क्यूमधून नवं काम उचलणं बंद, मग प्रिपेअर्डची यादी रिकामी होईपर्यंत थांबायचं, मग पॉझ, शेवटी पोस्टग्रेस. यादी ३० सेकंदांत रिकामी झाली नाही तर स्क्रिप्टनं उरलेली नावं फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि मगच पुढे जायचं. त्यांचा निकाल उठल्यावर लॉग बघून लावू. यूपीएसचा प्लग ओढून बघायचा बेत त्यानंतर.