पंगतीत बसताना आणि वाढताना

पुण्यातल्या मंगल कार्यालयांत आता बुफे फार झाले, पण मुंजीला किंवा घरच्या पूजेला पंगत अजून बसते. तिथे माणसाची रीत लगेच कळते.

वाढण्याचा क्रम ठरलेला असतो. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटी. मग भाताची मूद, तिच्यावर वरण आणि शेवटी तूप. भातावर तूप पडल्याशिवाय आणि यजमानांनी ‘सावकाश होऊ द्या’ म्हटल्याशिवाय घास उचलू नये.

वाढणाऱ्याने डाव ताटाला टेकवायचा नाही, कारण टेकला की सगळं भांडं उष्टं. आधी थोडंच वाढावं, पुन्हा फिरावं. बहुतेक अन्न वाया जातं ते पहिल्याच फेरीतल्या मोठ्या डावामुळे.

नको असेल तर डाव कलण्याआधी ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणावं. वाढून झाल्यावर ‘अहो, कशाला?’ म्हणण्याला काही अर्थ नसतो. आग्रह जिलबीचा करावा, तोही एकदाच, फार तर दोनदा. मधुमेह असलेल्याला तिसऱ्यांदा आग्रह करणं हा मला तरी उद्धटपणाच वाटतो. मठ्ठ्याचा मात्र खुशाल करा.

पाण्याचं भांडं डाव्या हाताने उचलायचं, उजवा उष्टा असतो. आपलं आधी आटोपलं तरी शेजारच्या आजोबांचा ताकभात व्हायचा असेल तर बसून राहावं. पुढची पंगत खोळंबली असेल तर घाई वाढप्यांनी करावी, जेवणाऱ्याच्या पाठीशी खुर्ची धरून उभं राहू नये.