झाकण ओढून धरणारं इंजिन

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या चंद्रपूरकडच्या गॅरेजवाल्यांची लग्नसराई. पावसाळ्यात ताडोब्याचा कोअर भाग बंद असतो, १ ऑक्टोबरला दारं उघडतात आणि त्याच्या तोंडावर सफारीच्या जिप्सी एकदमच कामाला येतात. त्या वर्षी मोहर्लीकडची एक जिप्सी माझ्याकडे पूर्ण इंजिन कामाला होती. एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरवालं पेट्रोल इंजिन, सोळा वॉल्व्ह, १२९८ सीसी. आली तेव्हा निळा धूर सोडत होती आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खात होती.

काम जीव लावून केलं होतं. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, पिस्टनच्या नव्या रिंगा, क्रँक ग्राइंड, हेड फेसिंग, वॉल्व्हचं काम, क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल अडवणारं पुढचं-मागचं सील नवीन. प्रत्येक रिंगचा गॅप मी स्वतः फीलर गेजने बघितला होता. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. पहिली वीस मिनिटं रेस कमी-जास्त करत ठेवली. नवं इंजिन दिवसभर स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, सोडून द्यायची पद्धत मला मान्य नाही. स्लोवर सिलिंडरमध्ये दाबच तयार होत नाही, रिंगा बसायच्या राहतात, बोअरला चकाकी येते आणि मग ते इंजिन जन्मभर ऑइल पितं.

वीस मिनिटांनी पाय काढला आणि खरा प्रकार समोर आला. टॅकोचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा, काटा ८०० वर यायचा, जरा थांबायचा, मग हळूच ११०० पर्यंत चढायचा, पुन्हा खाली. चढताना गिअरबॉक्सच्या बाजूने बारीक शिट्टी वाजायची.

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. म्हणाला, "भाऊ, हा आवाज कसला येऊन राहिला? जुनं इंजिन धूर मारत होतं, पण स्लोला तर मस्त होतं."

त्याचं बोलणं लागलं मला. सफारीची गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते. वाघ समोर असताना रेस आपोआप चढली की गाडी झटका खाते, आवाज होतो, आणि जनावर उठून जातं. अशी गाडी त्याच्या हातात देणं मला शक्य नव्हतं.

स्लो हलतंय म्हणजे कुठेतरी हवा घेतेय, हा कुणाच्याही मनात येणारा पहिला विचार. सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, थ्रॉटल बॉडीच्या बुडाशी, इंजेक्टरच्या रबरांवर थोडा थोडा कार्ब क्लीनर मारून बघितला. हवा आत जात असती तर त्यासोबत क्लीनर जाऊन रेस बदलली असती. काही नाही. ब्रेक बूस्टरची नळी बंद केली, फरक शून्य. आयडल वॉल्व्ह काढून धुतला. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १८० पीएसआयच्या वर आणि आपसातला फरक पाच-सहाचा. इंजिन पोटातून ठणठणीत होतं. मॅनिफोल्डमधली ओढ दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा मात्र शिट्टीच्या तालावर १९ इंच पाऱ्यावरून १६ वर यायचा आणि परत जायचा.

शिट्टी बेल हाउसिंगमधून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या क्लच झाकणाऱ्या कवचातून, येत होती, म्हणून क्लचच्या बेअरिंगवर संशय गेला. पण पेडल दाबून-सोडून आवाज तसाच. तरी हात वळवळत होते, गिअरबॉक्स उतरवून बघायचं म्हणून दोन बोल्ट ढिले केलेसुद्धा. तेवढ्यात ऑइल बघायला गेलेला पोरगा ओरडला, "भाऊ, झाकण निघूनच नाही राहिलं!"

मी पान्हा तिथेच ठेवून उठलो. चालू इंजिनवरचं ऑइलचं झाकण फिरत होतं, पण वर येत नव्हतं. आतून कुणी तोंड लावून ओढून धरावं तसं. जोर लावून उचललं तर 'फस्स' करून हवा आत गेली, शिट्टी बंद झाली आणि रेस थेट १५०० च्या वर जाऊन उड्या मारायला लागली. इंजिन बरोबर असेल तर झाकण सहज उचललं जातं आणि स्लो फार तर किंचित हलतो.

शिट्टी आणि रेस एकत्र का चढतात ते आता कळलं. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, ओढ इतकी वाढत होती की बेल हाउसिंगकडच्या मागच्या क्रँक सीलची ओठासारखी कडा उचलली जायची. तिथून हवा आत यायची, शिट्टी वाजायची, तीच हवा मॅनिफोल्डपर्यंत पोचून रेस चढायची. ओढ कमी झाली की कडा परत बसायची. माझ्या पोटात गोळा आला तो स्लोमुळे नाही. उन्हाळ्यातल्या जंगलाच्या रस्त्यावर पिठासारखी धूळ असते, आणि हे सील तीच धूळ नव्या बेअरिंगांच्या ऑइलमध्ये ओढणार होतं.

नेमकी ओढ किती हे मोजायला शेजारच्या साइटवरून गवंड्याची लेव्हल पाइप मागून आणली. गवंडी भिंतीची पातळी बघतात ती पारदर्शक नळी. इंग्रजी यूसारखी वाकवून लाकडी फळीला बांधली, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, एक टोक मोकळं ठेवलं आणि दुसरं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ऑइलची पातळी बघायच्या डिपस्टिकच्या नळीवर बसवलं. एक इंच पारा म्हणजे साडेतेरा इंच पाणी, म्हणून बारीक ओढ मोजायला पाणीच बरं. चांगल्या इंजिनला स्लोवर पाण्याच्या दोन पातळ्यांत एक-दोन इंचांचा फरक पडतो. इथे सेल्फ मारला आणि इंजिनकडचं पाणी सरसर वर निघालं. वीत, दोन विती, थांबायचं नाव नाही. पाणी ऑइलमध्ये जाईल म्हणून मी नळी चिमटून ओढून काढली. आकडा हाती लागला नाही, पण उत्तर मिळालं.

क्रँककेसला दोन वाटा असतात. रिंगांजवळून खाली उतरलेला गॅस पीसीव्ही नावाच्या छोट्या वॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो, आणि त्याच्या जागी एअर क्लीनरकडून ब्रीदरच्या नळीने ताजी हवा येते. इतकी ओढ म्हणजे येणारी वाट बंद. ब्रीदरची नळी काढून फुंकली, हवा पलीकडे जाईना. तार घातली तर चार बोटांवर अडली. नळी चिरली, आतून सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळलेला जुना बोल्ट निघाला. मी ती नळी बाहेरून धुऊन, चकचकीत करून, नवी क्लिप लावून परत बसवली होती. आत बघितलं नव्हतं. ती चूक माझीच.

नवी नळी लावली. शिट्टी गेली, झाकण सुटलं, पण रेस १५०० वर आणि हंटिंग, म्हणजे रेसचं वर-खाली होणं, आणखी जोरात. बंद थ्रॉटलवर रेस एवढी दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल तोडतो, रेस पडते, पेट्रोल परत येतं, रेस चढते. म्हणजे हवा अजूनही थ्रॉटलला वळसा घालून जात होती. पीसीव्हीची नळी पकडीने दाबली आणि काटा ८०० वर खिळून राहिला.

वॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आत दांड्याची खुळखुळ यायला हवी, आली नाही. दोन्ही बाजूंनी फुंकर आरपार. उजेडाकडे धरला तर पलीकडची खिडकी दिसली. कुणीतरी आतला दांडा आणि स्प्रिंग काढून भोक ड्रिलने मोठं केलं होतं. स्लोवर मॅनिफोल्डची ओढ जास्त असते तेव्हा हाच दांडा वाट अरुंद करतो, रेस दिली की स्प्रिंग ती मोकळी करते. इथे फक्त एक भोक उरलं होतं.

मग जुन्या इंजिनचं कोडं सुटलं. रिंगा गेलेल्या, ब्लो-बाय म्हणजे रिंगांजवळून खाली उतरणारा गॅस भरपूर, ब्रीदरमधून ऑइल उडून एअर फिल्टर चिंब होत असणार. कुठल्या तरी मेस्त्रीने ब्रीदर बुजवला आणि सगळा गॅस ओढला जावा म्हणून वॉल्व्हचं भोक वाढवलं. त्या झिजलेल्या इंजिनाला ते चाललंही, कारण ओढ भरून काढायला गॅस खालून सतत येत होता. मी रिंगा घट्ट बसवल्या, गॅस थांबला, आणि ओढीला खायला फक्त सील उरलं. त्याने अडल्या गाडीची वाट काढली, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. पण गाडीमालकाला सांगायला हवं होतं. बोल्ट नळीच्या आत लपलेला असतो, पुढच्या माणसाला तो कसा दिसणार?

ओरिजिनल वॉल्व्ह चंद्रपुरात मिळाला नाही, दुसऱ्या दिवशी नागपूरहून बसने मागवला. तो लावल्यावर काटा ८०० वर, झाकण दोन बोटांनी उचललं जात होतं, लेव्हल पाइपच्या पाण्यात दीड इंचाचा फरक. ढिले केलेले दोन्ही बोल्ट परत आवळले. सील तेवढ्यात फाटलं असेल का ही शंका मात्र मनातून जाईना. तसं मालकाला स्पष्ट सांगितलं आणि गळलं तर मजुरी घेणार नाही म्हणालो.

१ ऑक्टोबरच्या पहाटे गाडी गेटवर होती. पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायला आली तेव्हा आधी लेव्हल पाइप लावली. पाणी एक इंचावर. मग गाडीखाली झोपून बेल हाउसिंगच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला लाल धूळ लागली, कोरडी.