मशीन सुरू व्हायच्या आधीचा करंट

मे महिना, दुपारचा दीड. पुसदच्या आमच्या एमआरआय सेंटरमध्ये एसी मशीनसाठी असतो, पण त्या महिन्यात नातेवाईकही रिपोर्ट हातात पडल्यावर तासभर हलत नाहीत. उमरखेडकडच्या खेड्यातून नवरा-बायको आले होते. ती अठ्ठावीसची, डावा पाय किंचित ओढत चालत होती. चिठ्ठीवर एकच ओळ: ब्रेन प्लेन (कॉन्ट्रास्ट औषधाशिवाय मेंदूचा स्कॅन), चक्कर, अशक्तपणा. सोबत महिन्याभरापूर्वीचा सीटी, नॉर्मल.

बाईमाणूस आत सोडायचं म्हणजे आमच्या मावशींचं अर्धं काम पिना मोजण्याचं. मंगळसूत्राला दोन, बांगडीत तीन, पदराला एक. सोनं चुंबक खेचत नाही, सेफ्टी पिन मात्र गोळीसारखी सुटते. सगळ्या स्टीलच्या वाटीत पडल्या.

टेबलावर आडवं झाल्यावर डोक्याखाली पॅड सरकवायला मी तिला मान उचलायला लावली. हनुवटी छातीला टेकली आणि ती दचकली.

"करंट लागला न भाऊ!"

"मशीन अजून चालूच नाही केली ताई."

"मंग हा घरचाच होय. चुलीपुढं वाकली का मानेतून सनकन जाते, पार पायापावतर."

मी डोक्यावर बसवायची कॉइल बाजूला ठेवली. चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं. विचारत गेलो तसं निघत गेलं. दोन वर्षांपूर्वी उजवा डोळा महिनाभर अंधुक झाला होता, बुबुळ फिरवलं की दुखायचा. कुणीतरी चष्मा दिला. डोळा आपोआप सुधारला, नाव चष्म्याचं झालं. आता उन्हात निंदायला गेलं की तोच डोळा धुरकट होतो, सावलीत आलं की निवळतो. "इथं थंड्यात बरं वाटून राह्यलं," म्हणाली. श्रमानं नजर अशी धुरकट होणं उहथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1890 मध्येच नोंदवलंय, मूळ कारण उष्णता हे पुढे कळलं. विदर्भात मात्र उन्हानं कुणाला काय होत नाही? म्हणून कुणी लक्ष देत नाही.

प्लेन ब्रेनमध्ये आम्ही फ्लेअर नावाचं चित्र आडव्या कापातच घेतो. त्या दिवशी उभ्या कापातलंही घेतलं. फ्लेअरमध्ये मेंदूतलं पाणी काळं पडतं, त्यामुळे पाण्याच्या पोकळीला लागून असलेला पांढरा डाग लपत नाही. स्क्रीनवर पोकळीच्या कडेला काटकोनात उभे लांबट डाग, जणू कुणी पीठ लागलेली बोटं रोवली असावीत. यांना डॉसनची बोटं म्हणतात, मल्टिपल स्क्लेरोसिसची (नसांचं आवरण खाणाऱ्या आजाराची) खूण. एडिंबराच्या जेम्स डॉसननं 1916 मध्ये मृतांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शिरांभोवतीचे हे डाग वर्णिले होते. मी पुस्तकात पाहिली होती, समोर पहिल्यांदाच.

आमच्याकडे मेंदूत डाग म्हटलं की आधी टीबी, नाहीतर सिस्टिसर्कस, म्हणजे पट्टकृमीची अळी, आठवते. हे त्यातलं दिसत नव्हतं. रिपोर्ट करणाऱ्या नागपूरच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, मान पण घे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून कॉन्ट्रास्ट दे.

कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे. नवऱ्यानं पिशवीतून बियाण्यासाठी ठेवलेल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या. मला ओशाळल्यासारखं झालं, पण थांबवलं नाही. गॅडोलिनियम, म्हणजे ते कॉन्ट्रास्ट, दिल्यावर एकच डाग उजळला, तोही अर्धवट कड्यासारखा. बाकीचे तसेच. म्हणजे एक ताजा, बाकी जुने. या आजाराच्या निदानाच्या 2017 च्या मॅकडोनाल्ड निकषांत हा फरक मोठा धरला होता: आजार वेगवेगळ्या वेळी उठलाय, हे एकाच स्कॅनमध्ये कळतं. मानेतल्या मज्जारज्जूतही एक छोटा डाग होता. करंट तिथलाच असावा.

नवऱ्यानं विचारलं, "सीटीत तं काहीच नोतं?"

निदान सांगणं माझं, टेक्निशियनचं, काम नाही. एवढंच म्हणालो, तुमच्या मोटरच्या केबलचं आवरण उंदरानं कुरतडलं तर लांबून केबल शाबूतच दिसते न? सीटीला असे डाग बहुतेक वेळा दिसत नाहीत. 1981 मध्ये लंडनमध्ये याच आजाराचे पेशंट दोन्ही मशीनवर पाहिले, तेव्हाच हा फरक उघड झाला होता.

"अन् मोटर तापली का बंद पडते," तो स्वतःशीच बोलला.

नागपूरला न्यूरोलॉजिस्टनी मल्टिपल स्क्लेरोसिसच ठरवला. पाच दिवस स्टिरॉइडचं सलाइन, मग कायमची औषधं. त्या पहिल्या चिठ्ठीवाल्यांना मी कळवलं नाही, कळवायला हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा आली. पिना घरीच काढून आली होती. पाय ओढत नव्हती. पॅड सरकवताना मी विचारलं, "करंट?"

"लागते न थोडा थोडा," म्हणाली, आणि डोळे मिटले.