आमची वाटचाल: दालमिलवाल्यांचा कागदवाला

जळगावच्या एमआयडीसीत मला अजून बरेच जण 'कागदवाला' म्हणूनच ओळखतात. ऑफिसच्या पाटीवर 'उद्योग सल्लागार' असं लिहिलंय, पण ती पाटी घरच्यांच्या हट्टाने लागली.

२००९ साली मी एका दालमिलमध्ये दिवाणजी होतो. मालक आप्पा आठवी शिकलेले. तुरीचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती ते सांगायचे, पण जिल्हा उद्योग केंद्राचं पत्र आलं की न उघडता गल्ल्यात टाकायचे. "तू कागद कर भो, मी दाय करस," अशी आमची कामाची वाटणी. एकदा गल्ला आवरताना शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचं पात्रता प्रमाणपत्र सापडलं. प्रमाणपत्र होतं, पण अनुदानाची मागणी कधी केलेलीच नव्हती! मी ती केली, चार हेलपाटे घातले आणि पैसे आले. ही बातमी शेजारच्या मिलांमध्ये पोचायला एक दुपार पुरली.

२०१२ मध्ये अजिंठा चौफुलीजवळ एक खोली भाड्याने घेतली. एक टेबल, एक जुना प्रिंटर. पुढची काही वर्षं काम आपोआप येत गेलं. २०१५ ला लघुउद्योगांची 'उद्योग आधार' नोंदणी, २०१७ ला जीएसटी, २०२० ला उद्योग आधारच्या जागी 'उद्यम'. सरकारने नोंदणी बदलली की आमचं पोट भरायचं, खोटं कशाला बोलू. या काळात दालमिलवाल्यांच्या जोडीला चटईवाले आणि ठिबकचे फिटिंग बनवणारेही आले.

पण अर्ज भरणं वेगळं आणि सरकारपुढे गाऱ्हाणं मांडणं वेगळं, हे मला २०२१ च्या जुलैत कळलं.

२ जुलैला केंद्राने डाळींवर साठा मर्यादा लावली. मिलसाठी हिशेब असा: मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढाच साठा. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसायला जागा नव्हती. सगळे एकदम बोलत होते. एकाला मोर्चा काढायचा होता, एकाला खासदारांकडे जायचं होतं, एकजण नुसताच शिव्या देत होता. मी म्हटलं, आधी मला आकडे द्या.

रोज २० टन दळणारी मिल धरा. वर्षाचे ३०० दिवस चालली तर ६००० टन. त्याचा चौथा हिस्सा १५०० टन, म्हणजे ७५ दिवसांचा माल. इथली नवी तूर साधारण जानेवारीपासून दोन-तीन महिन्यांत बाजारात येते, मिल मात्र वर्षभर चालवायची असते. त्यात तूर आली आणि लगेच भरडली असंही होत नाही. तिला तेल-पाणी द्यायचं, वाळवायचं, परत द्यायचं. पावसाळ्यात ऊन नसलं की हेच काम लांबतं आणि माल आवारात अडकून पडतो. साठेबाज आणि मिलवाला यांच्यातला फरक कागदावर दाखवायचा तर हे सगळं महिनावार मांडणं भाग होतं. आम्ही मिलांच्या नोंदवह्या मागवल्या. काहींनी कुरकुर केली. आपला खरा साठा शेजाऱ्याला दिसेल, ही भीती सरकारच्या भीतीपेक्षा मोठी होती. शेवटी नावं झाकून क्रमांक टाकले तेव्हा वह्या मिळाल्या. दोन पानांचं निवेदन झालं आणि मिलवाल्यांच्या संघटनेमार्फत ते जिल्हाधिकारी, खासदार आणि केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग अशा तिन्ही ठिकाणी गेलं.

१९ जुलैला मर्यादा शिथिल झाली. मिलसाठी सहा महिन्यांचं उत्पादन किंवा क्षमतेच्या ५० टक्के. निवेदनं देशभरातून गेली होती, आमचं त्यातलं एक. तरी त्या दिवशी मी पेढे वाटले. पुढे २०२३ मध्ये ती फुशारकी उतरली. जूनमध्ये परत २५ टक्के आणि २५ सप्टेंबरला तर एक महिन्याचं उत्पादन किंवा १० टक्के. वीस टनाच्या त्याच मिलला ६०० टन, म्हणजे तीस दिवस! ६ नोव्हेंबरला ते पुन्हा २५ टक्क्यांवर आलं. आता आमच्याकडे प्रत्येक मिलची महिनावार वही तयारच असते.

तीच युक्ती विजेसाठी वापरली. "लाइट सारखी जाते" असं दहा वर्षं सांगून काही झालं नव्हतं. चटईवाल्यांना साध्या वह्या दिल्या आणि लाइट गेल्याची वेळ, आल्याची वेळ आणि वाया गेलेला माल एवढंच लिहायला सांगितलं. प्लास्टिक वितळवून बाहेर काढणारं मशीन, म्हणजे एक्स्ट्रूडर, बंद पडला की आतलं प्लास्टिक थंड व्हायला लागतं आणि मशीन परत तापवण्यात वेळ जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा उद्योग मित्र समितीच्या बैठकीत त्या वह्या टेबलावर ठेवल्या. वीज कंपनीच्या साहेबांना उत्तर द्यायला कागद लागला आणि तो त्यांच्याकडे नव्हता. तीन महिन्यांनी फीडरचं, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या वीजवाहिनीचं काम सुरू झालं.

एक चूक मात्र माझ्या खात्यावर आहे. मिलच्या जाळ्या आणि दाणे वर चढवणारे बकेट एलिव्हेटर बनवणारा एक तरुण उद्यम नोंदणीसाठी डिसेंबरात आला होता. मी कामात होतो. "मार्चनंतर करू" म्हटलं. मधल्या काळात त्याने बाहेरच्या एका मोठ्या कंपनीला माल दिला आणि अकरा लाख अडकले. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण माल दिला तेव्हा नोंदणी नव्हती म्हणून असे थकलेल्या पैशांचे दावे ऐकणाऱ्या परिषदेपुढे त्याचा दावा टिकला नाही. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्यानंतर नोंदणीचं काम आम्ही आल्या दिवशी करतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये उलटी गंमत झाली. लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येणार नाही, असा नियम आला. लगेच काही खरेदीदार आमच्या लोकांना म्हणू लागले, "उद्यम रद्द करून टाका, मग ऑर्डर देतो." दोघांनी रद्द केलंही. मी अडवू शकलो नाही.

आता डोक्यात एकच फाइल आहे: सॉर्टेक्स (रंगावरून डाळ निवडणारं यंत्र) आणि तपासणी प्रयोगशाळा असलेलं, सगळ्या मिलांनी मिळून वापरायचं सामायिक सुविधा केंद्र. एका भागातल्या लघुउद्योगांच्या समूहासाठी असलेल्या सरकारी क्लस्टर योजनेतून अनुदान मिळतं, पण आधी मिलवाल्यांनी मिळून कंपनी काढायची आणि तिच्यात एका सभासदाचा हिस्सा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. पहिल्या खेपेला इथेच गाडी अडली. पैसा घालायला तयार होते ते मिलवाल्यांपैकी एकटे नाना, आणि नानांना हवं होतं सगळं.

मागच्या आठवड्यात नाना परत आले. चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलले आणि उठता उठता विचारलं, "दहा मना, दहा पोऱ्याचे, दहा सूनबाईचे, असं चालतं का रे भो?"

कागद बघून सांगतो, म्हटलं.